भिंतीवरचा प्रत्येक थर खरा

काळ्या समुद्राच्या काठी तुर्कस्तानातल्या त्राब्झोन शहरात एक हागिया सोफिया आहे. जगभर गाजलेलं इस्तंबूलचं नव्हे, त्याच नावाचं, आकाराने कितीतरी लहान असलेलं चर्च. तेराव्या शतकाच्या मध्याला त्राब्झोनचा ग्रीक सम्राट पहिला मॅन्युएल याने ते उभारलं. 1461 मध्ये ऑटोमन सुलतान दुसरा मेहमद याने शहर घेतलं आणि पुढे या चर्चची मशीद झाली. पहिल्या महायुद्धात रशियन सैन्य इथवर पोचलं, तेव्हा इमारत कोठार आणि इस्पितळ म्हणून वापरली गेली. 1957 ते 1962 या काळात एडिंबरो विद्यापीठाच्या पथकाने भिंतींवरचा चुना उतरवून खालची चित्रं मोकळी केली. 1964 मध्ये संग्रहालय उघडलं, आणि 2013 मध्ये ते बंद होऊन तिथे पुन्हा मशीद सुरू झाली. इतकी वळणं घेतलेली वास्तू 'मूळ रूपात आणा' असं कुणी म्हणतं, तेव्हा त्याला यातलं नेमकं कोणतं रूप हवं असतं?

हा प्रश्न तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्ये गेली काही वर्षं धुमसतो आहे. एका बाजूचं म्हणणं, ही ग्रीकांची चर्चेस, त्यांची त्यांना परत द्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सुलतानाने वक्फ केलेली वास्तू मशीदच राहिली पाहिजे. तिसरे म्हणतात, संग्रहालय करून टाका, वादच मिटेल. मला या तिन्ही मागण्यांमध्ये एकच खोट दिसते. वास्तूच्या आयुष्यातलं एकच पान खरं आणि बाकीची पानं म्हणजे लागलेला मळ, असं तिघंही गृहीत धरतात. अशा वास्तूच्या दुरुस्तीची कसोटी वेगळी असायला हवी. काम संपल्यावर आत शिरणाऱ्याला तिथे नांदलेले सगळे काळ वाचता येतात की नाही, ही ती कसोटी. आत कोण प्रार्थना करतं हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो दुसरा आहे. या दोहोंची गल्लत होते, आणि भोगावं लागतं ते भिंतींना.

त्राब्झोनच्या इमारतीला बाहेरून एक फेरी मारली तरी हे पटतं. दक्षिणेच्या मंडपावर दगडात आदम आणि हव्वेची कथा कोरली आहे, वर कोम्नेनोस या तिथल्या राजघराण्याचा एकमुखी गरुड आहे. पण बाकीचं नक्षीकाम नीट पाहिलं, तर त्यातली भौमितिक पदकं आणि कोनाड्यांची घडण शेजारच्या सेल्जुक मुस्लिम राज्यातल्या मदरशांशी नातं सांगते. म्हणजे ग्रीक सम्राटाच्या चर्चवर मुस्लिम मुलखातली कारागिरी पहिल्या दिवसापासून आहे, तेही तिथे मशीद होण्याच्या कितीतरी आधीपासून. पूर्वेकडच्या अर्धगोल भिंतीवर कुणीकुणी गलबतं खरवडून ठेवली आहेत. शिडं, डोलकाठ्या, वल्ही, सगळं आहे. दर्यावर निघालेल्यांनी किंवा सुखरूप परतलेल्यांनी ती काढली असावीत. कोणत्याही शिलालेखापेक्षा मला ही ओबडधोबड गलबतं मोलाची वाटतात. 'मूळ रूपा'चा आग्रह धरणारा एखादा ठेकेदार उद्या ही भिंत घासूनपुसून गुळगुळीत करील, आणि कागदावर त्या कामाला 'स्वच्छता' म्हटलं जाईल.

आतली चित्रं वाचली त्यात चुन्याचाही वाटा आहे. चित्रं असलेल्या भिंतीवर गिलावा धरावा म्हणून आधी तिला टोचे मारायचे, अशी त्या काळची रीत होती. त्यामुळे अनेक ठिकाणी संतांच्या चेहऱ्यांवर आणि वस्त्रांवर बारीक खड्डे दिसतात. पण त्याच गिलाव्याने काजळी, ओल आणि माणसांचे हात काही शतकं दूर ठेवले. डेव्हिड टॅलबट राइस आणि डेव्हिड विनफिल्ड यांच्या पथकाने तो थर हळूहळू काढला, तेव्हा तेराव्या शतकातली उत्तम ग्रीक चित्रकला समोर आली. ओसरीच्या छतावर ख्रिस्ताचे चमत्कार, घुमटात देवदूतांच्या रांगांवर खुद्द ख्रिस्त. ते खड्डे पथकाने रंगवून बुजवले असते तर चित्रं अधिक 'सुंदर' दिसली असती, आणि इमारतीने काय सोसलं हे कायमचं पुसलं गेलं असतं.

2013 मध्ये मशीद पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रार्थनेच्या जागेवर घुमटाखाली तंबूसारखं कापडी छत ताणण्यात आलं आणि चित्रांपुढे आडोसे आले. रंगीत संगमरवराच्या तुकड्यांची अप्रतिम फरशी गालिच्याखाली गेली. शहरातल्याच काही नागरिकांनी कोर्टात धाव घेतली. त्यांना नमाज नको होता असं मुळीच नाही, त्यांना आपल्या गावची इमारत अशी गुंडाळलेली नको होती. पुढे ती दुरुस्तीसाठी बंद झाली आणि 2020 मध्ये पुन्हा उघडली. त्या कापडी छताला माझा विरोध आहे, मशिदीला नाही.

नमाजाच्या वेळी समोर माणसांची चित्रं नकोत ही भावना मी हलकी मानत नाही. ती खरी आहे आणि जुनी आहे, आणि ती केवळ मुसलमानांची आहे असंही नाही. आठव्या-नवव्या शतकात इस्तंबूलहून चालणाऱ्या ख्रिस्ती बायझंटाईन साम्राज्याने स्वतःच मूर्ती आणि चित्रं निषिद्ध ठरवली होती. इस्तंबूलच्या हागिया आयरीन या चर्चच्या अर्धघुमटात आजही एक साधा क्रूस आहे, तो त्याच काळाचा. ज्या सातव्या धर्मपरिषदेने 787 मध्ये चित्रांना पुन्हा मान्यता दिली, ती इझनिकच्या, म्हणजे जुन्या नायसियाच्या, हागिया सोफियात भरली होती. तेही चर्च पुढे मशीद झालं, नंतर छप्पर कोसळून कित्येक वर्षं उघडं पडलं, या शतकात त्यावर छप्पर चढलं आणि 2011 पासून तिथे नमाज होतो. चित्र दाखवावं की झाकावं, यावर याच भिंतींच्या आत ख्रिस्ती लोकच एकमेकांशी हिरिरीने भांडले आहेत.

भावना मान्य केली की उरतो तो निव्वळ व्यवस्थेचा प्रश्न. नमाजापुरता ओढायचा आणि नंतर सारायचा पडदा वेगळा, कायमचं ताणलेलं छत वेगळं. पहिल्याने भाविकाचाही मान राहतो आणि चित्राचाही. दुसऱ्याने चित्र असूनही नाहीसं होतं. दर नमाजानंतर पडदा सारायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा ओढायचा, यात कष्ट आहेत, खर्च आहे. पण वास्तू आपल्या ताब्यात हवी म्हणणाऱ्याने ते कष्टही अंगावर घ्यायला हवेत.

1964 चा व्हेनिस जाहीरनामा हा जगभरच्या संवर्धनकारांचा पायाभूत दस्तऐवज आहे. त्याचं अकरावं कलम सांगतं की स्मारकाच्या घडणीत सर्व काळांनी घातलेली मोलाची भर जपली पाहिजे. शैलीची एकजिनसी शुद्धता हा दुरुस्तीचा हेतू नव्हे. पाचवं कलम सांगतं की समाजोपयोगी वापर स्मारकाच्या जतनाला पोषकच असतो, पण त्या वापरापायी रचना आणि सजावट बदलता कामा नये. त्राब्झोनचा सगळा वाद या दोन कलमांत मावतो. वापर करा, पण रचनेला आणि सजावटीला हात लावू नका.

वापराने वास्तू जगतात, हे चर्चप्रेमी लोक फार सहज विसरतात. इस्तंबूलचं मोठं हागिया सोफिया 537 मध्ये पूर्ण झालं आणि वीसेक वर्षांतच, 558 मध्ये, त्याचा घुमट कोसळला. नवा घुमट चढला. 989 च्या भूकंपात त्याचा काही भाग पडला, तो त्रदात नावाच्या आर्मेनियन वास्तुकाराने सावरला. 1346 मध्ये पुन्हा पडझड झाली. सोळाव्या शतकात ऑटोमन दरबाराचा मुख्य वास्तुकार सिनान याने बाहेरून भक्कम आधारभिंती दिल्या. ही इमारत आज उभी आहे त्यात सिनानचा वाटा कुणाहूनही कमी नाही. सुलतान अब्दुलमजीदच्या आज्ञेने 1847 ते 1849 मध्ये स्विस फोसाती बंधूंनी मोठी दुरुस्ती केली. त्यांनी चुन्याखालची मोझेक चित्रं उघडी केली, रेखाटून घेतली आणि पुन्हा जपून झाकली. याउलट अनातोलियाच्या, म्हणजे आशियाई तुर्कस्तानाच्या, खेड्यापाड्यांत जी ग्रीक चर्चेस कुणीच वापरली नाहीत, ती गोठे झाली, कोठारं झाली, किंवा 'रुमी (ग्रीक) लोकांनी जाताना सोनं पुरून ठेवलंय' या वेडापायी लोकांनी त्यांचा पाया उकरला. तिथे चर्च की मशीद हा वाद घालायला दगडच उरलेले नाहीत.

संग्रहालय म्हणजे तटस्थ, निरुपद्रवी तोडगा, असंही मला वाटत नाही. 1934 मध्ये तुर्की मंत्रिमंडळाने इस्तंबूलचं हागिया सोफिया संग्रहालय करायचं ठरवलं, तेव्हा आतल्या आठ प्रचंड सुलेखन-चकत्या उतरवल्या गेल्या. अल्लाह, पैगंबर, चार खलिफा आणि हसन-हुसेन यांची ही नावं काझास्कर मुस्तफा इझ्झत एफेंदी यांच्या हातची, प्रत्येक चकती साडेसात मीटर व्यासाची. त्या दारातून बाहेर निघेनात म्हणून आतच पडून राहिल्या आणि 1949 मध्ये पुन्हा वर चढल्या. दारं मोठी असती तर? एकोणिसाव्या शतकातली ती श्रेष्ठ सुलेखनकला कुठल्या तरी गोदामात गेली असती आणि जगाने त्याला 'पुनरुज्जीवन' म्हणून वाखाणलं असतं. त्याच इमारतीच्या मुख्य घुमटात कुराणातली आयत लिहिलेली आहे. तिच्याखाली ख्रिस्ताचं मोझेक शिल्लक असेल असं काही अभ्यासकांना वाटतं. शोधायचं तर सुलेखन खरवडावं लागेल. आजवर कुणी ते धाडस केलेलं नाही, आणि करूही नये. शक्यतेपायी समोर दिसणारं खरं नष्ट करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मशीद झालेल्या चर्चविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा विजेता आणि पराजित अशी दोनच पात्रं उभी करतो. ऑटोमनांनी इस्तंबूल जिंकलं त्या 1453 साठी ती पुरतात, 1923 साठी पुरत नाहीत. 1923 च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातून सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले किंवा आधीच पळून गेलेले परतू शकले नाहीत. ग्रीसमधून साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात आले. निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हता. अनातोलियातून गेलेल्या कितीतरी ख्रिस्त्यांची घरची भाषा तुर्की होती, आणि क्रीट बेटावरून आलेले मुसलमान घरात ग्रीक बोलत.

एजियन किनाऱ्यावरचं आयवालिक हे असंच एक गाव. तिथले ग्रीक गेले आणि लेस्बॉस, क्रीट इथून आलेले मुसलमान त्यांच्या रिकाम्या घरांत राहू लागले. मशिदी पुरेशा नव्हत्या, चर्चेस ओस पडली होती. आयोस यानिस चर्चची मशीद झाली. तिच्या घड्याळाच्या मनोऱ्यामुळे लोक आजही तिला 'घड्याळवाली मशीद' म्हणतात. तिथे पहिला नमाज पढणारे कोण होते? आपलं गाव, आपली कबरस्तानं आणि आपल्या मशिदी समुद्रापलीकडे टाकून आलेली, मोडक्यातोडक्या तुर्कीत बोलणारी माणसं. त्या इमारतीवर हक्क कुणाचा, असं मला विचारलं तर मी अडखळेन. ज्याच्या पणजोबाने ते चर्च बांधायला वर्गणी दिली त्याचा आहे. ज्याच्या पणजीने परागंदा होऊन तिथे पहिल्यांदा कपाळ टेकलं तिचाही आहे. म्हणून तिथल्या दुरुस्तीत ख्रिस्ती खुणा उखडणं जितकं वाईट, तितकंच मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, काढून 'अस्सल ग्रीक' चर्च उभं करणंही वाईट. जवळच्या जुंदा बेटावरच्या ताक्सियार्हिस चर्चची दुरुस्ती होऊन 2014 मध्ये तिथे संग्रहालय झालं. तिथे नांदता समाज उरला नव्हता, त्यामुळे तो पर्याय योग्यच होता. एका गावातसुद्धा दोन इमारतींना एकच उत्तर लागू पडत नाही.

ग्रीसचा इतिहासही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर होतं, मग चर्च झालं, मग मशीद. 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफांनी आतला दारूसाठा पेटला आणि ते फुटलं. नंतर आत एक छोटी मशीद उभी राहिली. स्वतंत्र ग्रीसने तीही काढून टाकली, आणि 1875 मध्ये अ‍ॅक्रॉपोलिसवरचा मध्ययुगीन बुरूजही पाडला. अभिजात काळाचा शुभ्र संगमरवर हवा होता, मधली दोन हजार वर्षं नको होती. थेसालोनिकी शहर 1912 मध्ये ग्रीसकडे आलं आणि मशिदी झालेली चर्चेस पुन्हा चर्चेस झाली, शहरातले मिनार एकामागून एक पडले. अपवाद रोटुंडाचा. चौथ्या शतकाच्या आरंभीची ही रोमन वर्तुळाकार इमारत चर्च झाली, मशीद झाली, पुन्हा चर्च झाली, आणि तिच्या अंगणातला मिनार अजून उभा आहे. तिथे एका नजरेत सोळा-सतरा शतकं दिसतात. ग्रीसने त्या मिनाराची डागडुजी केली हे मला त्या देशाच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं. असा मोठेपणा त्याने इतरत्र फार क्वचित दाखवला. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय एजियन समुद्राच्या दोन्ही काठांवर सारखाच चालत आला आहे.

हे सगळं म्हटल्यावर इस्तंबूलच्या कोरा चर्चबाबत मात्र मी ठामपणे संग्रहालयाच्या बाजूने आहे. थिओडोर मेटोकाइटीस हा सम्राटाचा मंत्री आणि मोठा विद्वान. त्याने 1315 ते 1321 च्या दरम्यान या जुन्या मठाला नव्याने सजवलं. प्रार्थनागृहाच्या दारावर तो स्वतः आहे: डोक्यावर भलंमोठं पागोट्यासारखं शिरोभूषण, गुडघे टेकलेले, हातात चर्चची छोटी प्रतिकृती, समोर सिंहासनावर ख्रिस्त. राज्य पालटलं, त्याची मालमत्ता गेली, त्याला हद्दपारी भोगावी लागली, आणि शेवटी याच मठात साधू होऊन त्याने 1332 मध्ये देह ठेवला. बाजूच्या दालनात ख्रिस्त आदम आणि हव्वेला मनगटांना धरून थडग्यांतून ओढून काढतो, ते भित्तिचित्र आहे. त्या ओढीतला जोर असा आहे की आदमाचं वस्त्र उडतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला अतिक अली पाशा या वजिराने इथे मशीद केली. 1945 मध्ये संग्रहालयाचा निर्णय झाला, अमेरिकी संवर्धनकारांनी दहाएक वर्षं चित्रांवर काम केलं आणि 1958 मध्ये ते खुलं झालं. 2019 मध्ये तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 1945 चा निर्णय रद्द ठरवला आणि 6 मे 2024 ला तिथे मशीद सुरू झाली. आता प्रार्थनागृहातली मोझेक चित्रं नमाजाच्या वेळी पडद्याआड जातात.

माझा आक्षेप साधा आहे. ही इमारत लहान आहे आणि जवळजवळ प्रत्येक हातभर जागेवर चित्र आहे. माणसांचा श्वास, पावलं, गालिच्यांची धूळ, आर्द्रतेतले चढउतार, सगळं तिथे लगेच जाणवतं. आणि गरज कुणाची भागते? इस्तंबूलमध्ये तीन हजारांहून अधिक मशिदी आहेत. कोरापासून चालत काही मिनिटांवर, एदिर्नेकापीला, सिनानने बांधलेली मिहरिमा सुलतान मशीद आहे. उजेडाने भरलेली, ऐसपैस, तुर्की वास्तुकलेचं भूषण. भाविकाला तिथे जागा कमी पडत नव्हती. निर्णय भाविकासाठी झालाच नाही, तो मतपेटीसाठी झाला. वक्फनामा मशीदच सांगतो असा युक्तिवाद न्यायालयात टिकला, त्याचा मान ठेवूनही म्हणावंसं वाटतं की मशीद ठेवण्याचं कर्तव्य मानलं, तर ती वास्तू अखंड ठेवण्याचं कर्तव्यही त्याच वक्फाच्या विश्वस्तांवर येतं. ऑटोमन सुलतानांनी ते बहुतांशी पाळलं. इस्तंबूलच्या हागिया सोफियातली कित्येक चित्रं 1453 नंतरही दीर्घकाळ उघडी होती आणि खाली नमाज चालू होता.

आपल्याकडून हल्ली मोठ्या संख्येने लोक इस्तंबूलला जातात. जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकाला, पुन्हा मशीद झालेल्या हागिया सोफियात 25 युरोचं तिकीट काढून फक्त वरच्या सज्जात जाता येतं. खालचं दालन नमाजासाठी. वरचं देईसिस मोझेक, म्हणजे मेरी आणि योहान यांच्यामधल्या ख्रिस्ताचं चित्र, दिसतं, त्यातला ख्रिस्ताचा चेहरा दिसतो, पण ज्या जमिनीवर सम्राटांचे राज्याभिषेक झाले तिच्यावर उभं राहता येत नाही. हे वाचताना आपल्याकडचे वाद मनात येतील. ते मी इथे आणत नाही, कारण प्रत्येक जागेचा इतिहास आणि कायदा वेगळा असतो, आणि वडाची साल पिंपळाला लावून काही हाती लागत नाही.

मग करावं काय? दुरुस्तीचे नकाशे, छायाचित्रं आणि अहवाल काम सुरू होण्याआधी जाहीर व्हावेत. त्राब्झोन असो वा कोरा, लोकांना कळतं ते पडदा उघडल्यावर, आणि तोवर सिमेंट वाळलेलं असतं. दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या समितीत तुर्की संवर्धनकारांबरोबर ग्रीक संशोधक असावेत, आणि इस्तंबूलच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स समाजाचा प्रतिनिधी असावा. एके काळी लाखाच्या घरात असलेला हा समाज आता दोन-तीन हजारांवर आला आहे, म्हणून तर त्याचा आवाज अधिक काळजीने ऐकायला हवा. कायमची झाकणं काढून सरकते पडदे लावावेत, आणि फरशीचा निदान एक भाग उघडा राहील अशी रचना करावी.

आणि एक गोष्ट, जी तुर्कस्तानने आधीच करून दाखवली आहे. त्राब्झोनच्या दक्षिणेला कड्याला चिकटून असलेल्या सुमेला मठात 2010 पासून ऑगस्टमध्ये, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणानिमित्त, ऑर्थोडॉक्स प्रार्थनेला सरकार परवानगी देतं. मधली काही वर्षं दरडींमुळे मठ बंद होता, 2020 मध्ये प्रार्थना पुन्हा सुरू झाली. ज्यांच्या आजी-आजोबांना हा मुलूख सोडावा लागला, ती माणसं ग्रीसहून तिथे येतात. पलीकडे थेसालोनिकीत, सध्या प्रदर्शनगृह असलेल्या 'नव्या मशिदी'त, एप्रिल 2024 मध्ये जवळपास शंभर वर्षांनी ईदचा नमाज झाला. दोन्ही सरकारांना जे वर्षातून एक दिवस जमतं, ते त्राब्झोनच्या हागिया सोफियातही जमू शकतं. वर्षभर मशीद, आणि एक सकाळ ग्रीक प्रार्थनेला. रोटुंडातही ईदची एक सकाळ तशीच देता येईल. हा प्रस्ताव अंकारा आणि अथेन्स यांनी एकाच दिवशी, एकाच कागदावर मांडावा. पाहणीसाठी युनेस्कोला सोबत घ्यावं, आणि पहिली सकाळ कोणत्या वर्षी हे त्याच कागदावर लिहावं.